नंदिवर्धनाला दिलेली लेक

भंडारा जिल्ह्यात वाकाटकांचे जे ताम्रपट मिळाले, त्यांतले दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक मिरेगावचा, दुसरा पवनीचा. मिरेगावचा ताम्रपट दुसऱ्या प्रवरसेनाच्या राज्यकाळातील २०व्या वर्षाचा आहे. पण दान देणारी व्यक्ती राजा नाही, राजाची आई प्रभावतीगुप्ता आहे. पवनीचा ताम्रपट त्याच राजाच्या ३२व्या वर्षाचा. तो प्रवरसेनाने स्वतः दिला आणि त्यात आईचा उल्लेख येतो तो वंशावळीच्या ठरलेल्या वाक्यात : महाराजाधिराज देवगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता, तिच्या ठायी उत्पन्न झालेला प्रवरसेन.

बाई एकच, पण व्याकरण बदलले आहे. मुलाच्या ताम्रपटात ती सप्तमी विभक्तीत आहे, म्हणजे राजा जिच्या ठायी जन्मला ती जागा. आपल्या ताम्रपटात ती प्रथमेत आहे, वाक्याची कर्ती. प्राचीन भारतीय राजवंशांच्या लेखांत राजकन्या आणि राण्या येतात त्या बहुधा सप्तमीतच. सप्तमीतून प्रथमेत आलेल्या थोड्या बायकांपैकी प्रभावतीगुप्ता ही एक, आणि ती आपल्या भागातली. आपल्या भागातली म्हणजे आपल्या भागात दिलेली.

'दिलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. 'आमची लेक साकोलीला दिली' असे आपण सहज म्हणतो. इतिहासाच्या पुस्तकांतही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली मुलगी वाकाटक राजपुत्र रुद्रसेनाला 'दिली' असेच वाक्य असते, आणि पुढच्याच ओळीत त्या विवाहाचे राजकीय कारण असते. विवाह राजकीय होता याबद्दल मला शंका नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. दिल्यानंतर ती लेक कोणाची झाली? बापाची हस्तक झाली, नवऱ्याच्या घरात विरघळून गेली, की तिसरेच काही झाले? अभ्यासकांनी पहिल्या दोन उत्तरांवर भर दिला. ताम्रपट तिसरे उत्तर देतात असे मला वाटते.

१

आधी एक ऋण मान्य करायला हवे. वाकाटकांचा काळ आज आपण निःशंकपणे चौथ्या-पाचव्या शतकात ठेवतो, तो या लेकीमुळे.

अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा ताम्रपट फार पूर्वीच प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रवरसेनाच्या आजोबाचे, म्हणजे आईच्या वडिलांचे नाव 'देवगुप्त' असे आहे. हा देवगुप्त कोण? गुप्तलेखांचे थोर संपादक फ्लीट यांनी त्याची सांगड मगधातल्या उत्तरकालीन गुप्तांपैकी देवगुप्ताशी घातली. तो सातव्या शतकाच्या अखेरचा. त्यामुळे अख्खे वाकाटक घराणे सुमारे ३०० वर्षे पुढे सरकले. अजिंठ्याच्या लेण्यांचा काळ, विदर्भातील शिल्पांचा काळ, प्रवरसेनाच्या नावावरील 'सेतुबंध' या प्राकृत काव्याचा काळ, या सगळ्यांचा पाया या एका नावावर डळमळत होता.

मग पुण्यातल्या एका तांबट घराण्याकडे प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट मिळाला. का. बा. पाठक आणि का. ना. दीक्षित यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्यात प्रभावती आपल्या माहेरची वंशावळ सांगते : घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त आणि त्याची मुलगी ती स्वतः. देवगुप्त हे दुसऱ्या चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव आहे हे मग उलगडले आणि वाकाटक आपल्या जागी आले.

हा तपशील जुना आहे आणि अभ्यासकांना माहीत आहे. पण त्याचा अर्थ आपण पुरता लक्षात घेत नाही. मुलाने आजोबाचे नाव सांगितले, तरी आपण चुकलो. मुलीने बाप, आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा क्रमाने सांगितले, तेव्हा घोळ मिटला. आणि हे तिने केले ते सासरच्या राजधानीतून दिलेल्या, सासरच्या प्रदेशातले गाव दान करणाऱ्या ताम्रपटात. ती वाकाटक सिंहासनाच्या वतीने बोलत होती. पण वाकाटकांची वंशावळ तिने मुळापासून सांगितली नाही. सांगितली ती गुप्तांची.

आणखी एक गोष्ट. आपण 'धारण' गोत्राच्या आहोत असे ती सांगते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. लग्नानंतर स्त्रीला पतीचे गोत्र लागते हा आपल्याकडचा रूढ नियम. काही विवाहप्रकारांत पित्याचे गोत्र टिकते, असे शास्त्र पुढे करून याचे स्पष्टीकरण देता येते. पण शास्त्राने परवानगी दिली म्हणून कोणी आपले माहेरचे गोत्र राजशासनात कोरून घेत नाही. ते कोरून घ्यावेसे वाटावे लागते.

२

विवाहाच्या कारणाची चर्चा सुरू होते ती व्हिन्सेंट स्मिथपासून. १९१४ मध्ये त्याने वाकाटकांवर लेख लिहिला. त्याचा मुद्दा भूगोलाचा होता. गुजरात-सौराष्ट्रातल्या शक क्षत्रपांवर उत्तरेतून स्वारी करणाऱ्याला वाकाटक राजा फार उपयोगी पडू शकतो किंवा फार त्रासदायक ठरू शकतो, अशा ठिकाणी त्याचे राज्य होते. म्हणून चंद्रगुप्ताने मुलगी देऊन त्याला आपलेसे केले. पुढे अनंत सदाशिव अळतेकर, वा. वि. मिराशी आणि जवळजवळ सर्व पाठ्यपुस्तकांनी हा मुद्दा स्वीकारला.

मुद्दा चुकीचा नाही. नकाशा समोर ठेवला की तो पटतो. पण नकाशा पाटलीपुत्राहून पाहिलेला आहे. त्यात वाकाटकांना काय मिळाले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आणि मुलगी तर नकाशावर टाचणीसारखी येते. टाचणी लावली की काम संपले.

त्या काळी लेकी कोणत्या दिशेने जात होत्या हे पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद स्तंभावरील प्रशस्तीत, दूरच्या राजांनी त्याची सत्ता कशी मान्य केली त्याची यादी आहे. स्वतः हजर होणे आणि गरुडमुद्रांकित शासने मागून घेणे यांच्या जोडीला तिथे एक शब्द येतो, 'कन्योपायनदान'. उपायन म्हणजे नजराणा. नमलेल्याने बलवंताला मुलगी नजर करायची. गुप्त दरबाराच्या भाषेत मुलगी खालून वर जाते.

त्याच प्रशस्तीत समुद्रगुप्ताने उखडून टाकलेल्या आर्यावर्तातील राजांची नावे आहेत. त्यांत गणपतिनाग, नागसेन असे नागराजे आहेत. आणि समुद्रगुप्ताच्या मुलाची, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची एक राणी नागकुळातली होती : कुबेरनागा. प्रभावतीची आई.

आता ही साखळी पाहा. बापाने ज्या कुळाचे राजे संपवले, त्या कुळातली मुलगी मुलाच्या घरात आली. तिची मुलगी त्या घरातून दक्षिणेला, वाकाटकांकडे गेली. पण ती नजराणा म्हणून गेली नाही. गुप्त 'महाराजाधिराज' होते, वाकाटक त्या काळी फक्त 'महाराज'. इथे मुलगी वरून खाली आली. आई आणि मुलगी, दोघींचे विवाह राजकारणाच्या सावलीत झाले, पण दोन विवाहांचे वजन वेगळे होते. नंदिवर्धनाच्या दरबारात प्रभावतीच्या शब्दाला जे वजन होते त्याचा उगम मोठ्या प्रमाणात या उतरणीत आहे. मोठ्या घरची लेक सासरी कशी वागते आणि तिला कसे वागवले जाते, हे सांगायला ताम्रपट लागत नाहीत.

वाकाटकांनाही ही रीत नवी नव्हती. त्यांच्या घराण्यात पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा गौतमीपुत्र याला भारशिव राजा भवनाग याची मुलगी दिलेली होती. तिच्या पोटचा पहिला रुद्रसेन वाकाटकांच्या लेखांत भवनागाचा 'दौहित्र' म्हणून मिरवतो. खांद्यावर शिवलिंग वाहणारे, भागीरथीच्या जलाने अभिषेक झालेले, दहा अश्वमेध केलेले असे भारशिवांचे वर्णन त्या ठिकाणी एवढे ऐसपैस आहे की त्यापुढे बाप गौतमीपुत्र उपचारापुरता उरतो. गुप्तांकडेही तेच. समुद्रगुप्त 'लिच्छविदौहित्र' आहे. त्याची आई कुमारदेवी पहिल्या चंद्रगुप्ताच्या शेजारी नाण्यावर उभी आहे आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूस 'लिच्छवयः' असे कोरले आहे.

म्हणजे ज्या दोन घरांची सोयरीक झाली, ती दोन्ही घरे आईच्या बापाचे नाव लावण्यात भूषण मानणारी होती. मुलगी 'दिली' म्हणजे माहेरचा संबंध संपला, असे त्यांच्या लेखी नव्हतेच. उलट मुलीतून माहेर सासरी प्रवेश करत होते. 'दौहित्र' या शब्दात ती उभी आहे, फक्त तिचे नाव घ्यायची गरज कोणाला वाटत नाही. भवनागाच्या ज्या मुलीमुळे एवढी बिरुदे वाकाटकांच्या पदरात पडली, तिचे नाव त्या ताम्रपटांत नाही.

३

दुसरा रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान होती. प्रभावतीने कारभार हाती घेतला. पुण्याचा ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून दिलेला, कारभाराच्या १३व्या वर्षाचा आहे. त्यात ती रुद्रसेनाची अग्रमहिषी आणि युवराज दिवाकरसेनाची जननी आहे. पुढे महानुभावांच्या रिद्धपुरात सापडलेल्या ताम्रपटात, प्रवरसेनाच्या १९व्या वर्षी, ती दामोदरसेन आणि प्रवरसेन या महाराजांची आई आहे. दिवाकरसेनाचे नाव तिथे नाही. पुण्याच्या आणि रिद्धपूरच्या पत्र्यांमध्ये काय काय घडून गेले असेल, त्याची एवढीच खूण.

या कारभाराबद्दल अळतेकरांनी आणि मिराशींनी मांडलेली कल्पना अशी की, विधवा मुलीच्या मदतीला चंद्रगुप्ताने पाटलीपुत्राहून मुत्सद्दी व अधिकारी पाठवले आणि त्या काळात वाकाटक राज्य व्यवहारतः गुप्त साम्राज्याच्या छायेखाली होते. पुरावा म्हणून दोन गोष्टी पुढे केल्या जातात : गुप्तांची वंशावळ, आणि पुणे ताम्रपटाची लिपी.

लिपीचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट पेटिकाशीर्षक लिपीत असतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. पुण्याच्या ताम्रपटात मात्र अक्षरांच्या डोक्यावर खिळ्यासारखी खूण आहे. मिराशींच्या १९६३च्या लेखसंग्रहात ठशांची छायाचित्रे आहेत. दोन पाने उघडून शेजारी ठेवली तर नवशिक्यालाही फरक दिसतो. मसुदा करणारा किंवा अक्षरे लिहून देणारा लेखक उत्तरेकडचा असावा, हे अनुमान योग्य आहे. मुलीबरोबर माहेरची माणसे येतात. पण लेखक माहेरचा आहे म्हणून राज्यही माहेरचे झाले, हे अनुमान फार लांबची उडी आहे.

मिराशींबद्दल मला अपार आदर आहे. विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या ओसरीवर बसूनच लिहिले आहे. तरी इथे एक साधा प्रश्न विचारायला हवा : कालगणना कोणाची?

विदिशेजवळच्या उदयगिरीला सनकानिक घराण्यातल्या एका महाराजाचा लेख आहे. तो खराखुरा मांडलिक. त्याने आपल्या लेखावर गुप्त संवताचे ८२वे वर्ष घातले आहे, म्हणजे इ. स. ४०१-०२, आणि आपण परमभट्टारक महाराजाधिराज चंद्रगुप्ताच्या चरणांचे ध्यान करणारे आहोत असे लिहिले आहे. त्या काळी मांडलिक असे लिहीत.

प्रभावती काय लिहिते? चंद्रगुप्ताची मुलगी असल्याचे ती अभिमानाने सांगते, त्याला महाराजाधिराज म्हणते. पण त्याच्या संवताचे वर्ष घालत नाही. पुण्याच्या ताम्रपटावर तिच्या कारभाराचे वर्ष आहे. रिद्धपूर आणि मिरेगावच्या ताम्रपटांवर मुलाच्या राज्याचे वर्ष आहे. बापाचे नाव घ्यायचे, पण बापाची तारीख घालायची नाही. माझ्या मते तिच्या राजकारणाचा गाभा इथे आहे. वंशावळीने ती सासरच्या सरदारांना आणि भाऊबंदांना बजावते की आपल्या मागे कोण उभे आहे. कालगणनेने ती माहेरला बजावते की हे राज्य आपल्या मुलाचे आहे.

पुणे ताम्रपटात तिला एक विशेषण आहे : 'उभयकुलालंकारभूता', दोन्ही कुळांचे भूषण झालेली. ते विशेषण येते नेमके कुबेरनागेच्या नावाला लागून. म्हणून ही दोन कुळे बापाचे गुप्तकुळ आणि आईचे नागकुळ असा अर्थ घेता येतो. माहेर आणि सासर असाही घेतला जातो. मला पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो, आणि अधिक महत्त्वाचाही. कारण कुबेरनागेचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते तिच्या मुलीच्या ताम्रपटांतून. गुप्तांचे स्वतःचे लेख चंद्रगुप्ताची राणी म्हणून ध्रुवदेवीचे नाव घेतात, कारण सिंहासनावर बसलेला कुमारगुप्त तिच्या पोटचा. ज्या घरात कुबेरनागा आयुष्य काढून गेली, त्या घराने तिची आठवण ठेवली नाही. शेकडो कोस दूर दिलेल्या लेकीने ठेवली. आजोबाने ज्या कुळाचे राजे उखडले, त्या कुळाचे नाव आजोबाच्या पराक्रमाच्या जोडीला, त्याच पत्र्यावर तिने कोरून घेतले.

४

दिलेल्या लेकीच्या या दुहेरी निष्ठेचे दुसरे टोक पाहायचे तर चीनचे एक उदाहरण समोर ठेवावे. हान साम्राज्य मोडकळीला आले होते आणि त्साओ त्साओ हा सेनानी सम्राटाच्या नावाने राज्य चालवत होता. २१३ मध्ये त्याने आपल्या तीन मुली सम्राट श्यान याला दिल्या. त्यांतली धाकटी वयाने एवढी लहान की ती मोठी होईपर्यंत माहेरीच राहिली. पुढच्याच वर्षी आधीची सम्राज्ञी त्साओ त्साओविरुद्धच्या कटावरून पदच्युत होऊन मेली, आणि २१५ मध्ये मधली मुलगी त्साओ ज्ये सम्राज्ञी झाली.

इथे हेतू लपलेला नाही. सम्राटाच्या अंतःपुरात बापाचा पहारा बसला. २२० मध्ये त्साओ त्साओ वारला आणि त्याच्या मुलाने सम्राटाला सिंहासन सोडायला लावले. राजमुद्रा सम्राज्ञीकडे होती. भावाची माणसे ती मागायला आली. उत्तर हानांच्या इतिहासात सांगितले आहे की बहिणीने पुनःपुन्हा नकार दिला. शेवटी मुद्रा खाली भिरकावली आणि रडत म्हणाली की दैव तुमच्या पाठीशी राहणार नाही. पदच्युत नवऱ्याबरोबर ती राहिली आणि २६० मध्ये वारली.

बापाने पेरलेली मुलगी शेवटी नवऱ्याच्या घराची झाली, असा या कथेचा सरळ अर्थ. प्रभावतीच्या बाबतीत अभ्यासकांनी उलट अर्थ काढला : नवऱ्याच्या घरातली सून शेवटपर्यंत बापाची राहिली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला जातो, ती कोणाच्या बाजूची? हा प्रश्न बापाचा, भावाचा, नवऱ्याचा आहे. तिच्यापुढे दोन बाजू होत्या आणि दोन्ही तिच्याच होत्या, ही शक्यता त्या प्रश्नात बसत नाही.

दोन्ही पुराव्यांत एक फरक आहे. त्साओ ज्येचे शब्द आपल्यापर्यंत पोचले ते फान ये या इतिहासकारामुळे, आणि तो पाचव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर २०० वर्षांनी लिहिणारा. तो प्रभावतीचा जवळजवळ समकालीन. प्रभावतीचे शब्द मात्र तिच्या हयातीत, तिच्या आज्ञेने कोरलेले आहेत. मसुदा लेखनिकाने केला असेल, साचा ठरलेला असेल; तरी कोणते कुळ आधी येईल आणि कोणते वर्ष घालायचे, हे तिच्या संमतीवाचून ठरले नसणार.

५

अलीकडे उलट्या दिशेने अतिशयोक्ती होऊ लागली आहे. प्रभावतीगुप्तेला स्त्रीसत्तेचे प्रतीक करून टाकणारे लेखन वाढते आहे. त्याबाबत सावध असावे. ती बोलू शकली कारण नवरा वारला होता, मुलगा लहान होता आणि बाप सम्राट होता. या तिन्हींतले एक जरी नसते तरी ती पवनीच्या ताम्रपटातल्यासारखी सप्तमीत राहिली असती. रुद्रसेन आणखी २५ वर्षे जगला असता तर कुबेरनागेचे नावही गेले असते.

तिच्या अवतीभोवतीच्या लेकी मोजून पाहा. भवनागाच्या मुलीचे नाव लेखांत नाही. कदंब राजा काकुत्स्थवर्म्याने आपल्या मुली गुप्तांसह अनेक राजघराण्यांत दिल्या, असे कर्नाटकातला ताळगुंद स्तंभलेख कौतुकाने सांगतो. त्या मुलींची नावे सांगत नाही. प्रवरसेनाचा मुलगा नरेंद्रसेन याला कुंतलाच्या राजाची मुलगी दिली. ती अज्झितभट्टारिका, हे आपल्याला शेजारच्या बालाघाटच्या ताम्रपटातून कळते, कारण तिचा मुलगा राजा झाला. मुलगा राजा झाला तर आईला नाव. नाहीतर फक्त 'अमक्याची मुलगी'.

सर्वांत चटका लावते ती प्रभावतीची स्वतःची मुलगी. रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाच्या देवळात, भिंतीवरचा चुना काढताना, १९८०च्या दशकात एक वाकाटककालीन लेख उघडा पडला. त्याचा बराच भाग झिजून गेला आहे. हान्स बेकर आणि हारुनागा आयझॅकसन यांनी १९९३ मध्ये त्याचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले. त्यांनी लावलेल्या अर्थानुसार प्रभावतीची मुलगी तिच्या मामाला, घटोत्कच या गुप्त राजपुत्राला दिलेली होती. पुढे तिच्या भावाने तिला बळाने माघारी आणले. आणि आईच्या पुण्यासाठी तिने हे देऊळ उभे केले, देवाला नावही दिले आईचेच, प्रभावतीस्वामी. तुटक ओळींवर उभा केलेला हा अर्थ आहे आणि त्यावर मतभेद आहेत. पण तो बरोबर असेल, तर एका घरात तीन पिढ्या लेकी दिल्या गेल्या : नागांकडून गुप्तांकडे, गुप्तांकडून वाकाटकांकडे आणि वाकाटकांकडून परत गुप्तांकडे. त्यांतली तिसरी तर आधी दिली गेली आणि मग परत घेतली गेली. दोन्ही वेळा तिला विचारले असेल असे त्या झिजलेल्या ओळींत काही नाही. आईने आजीचे नाव तांब्यावर राखले. लेकीने आईचे नाव दगडावर राखले. या घरातल्या बायकांनी एकमेकींची नावे टिकवली, हा राजवंशांच्या वंशावळींना समांतर असा दुसराच वंशवृक्ष आहे आणि तो कुठल्याच पाठ्यपुस्तकात काढलेला नसतो.

रामटेकला गेलेला मराठी वाचक कालिदासाच्या आठवणीने गहिवरतो. ते स्वाभाविक आहे. गडावर कवीचे स्मारक आहे, गावात त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. ज्या बाईचे नाव गडावरच्या देवळात दगडात कोरलेले आहे, तिच्यासाठी मात्र आपण चार पावले वाकडी करत नाही.

पायथ्याजवळच्या नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांनी उत्खनन केले. त्यात मातीची एक लंबगोल मुद्रा मिळाली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांबीची. तिच्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आहे आणि एक शंख आहे. शंख विष्णूचा, ती भागवत होती, रामगिरीस्वामीच्या चरणांशी बसून तिने रिद्धपूरचे दान दिले होते. पुणे ताम्रपटाच्या मुद्रेवर ती युवराजाची जननी म्हणून आली होती. या मातीच्या मुद्रेवर मुलाचा आधार नाही. नाव आहे आणि शंख आहे. त्साओ ज्येच्या हातात होती ती नवऱ्याच्या घराण्याची मुद्रा, म्हणून भावाची माणसे ती मागायला आली. प्रभावतीची मुद्रा तिच्या स्वतःच्या नावाची होती.

आणि ते नावही पाहा. प्रभावती नव्हे, प्रभावतीगुप्ता. माहेर नावातच गुंफलेले. आमच्या गावांत आजही नव्या सुनेला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. पवनीची असेल तर 'पवनीवाली', लाखनीची असेल तर 'लाखनीवाली'. सातबाऱ्यावर तिचे नाव चढो न चढो, सासरच्या आळीत ती मरेपर्यंत माहेरच्या गावाचे नाव घेऊन वावरते. या हाकेत आपलेपणा आहे आणि परकेपणाही आहे : तू आमची झालीस, पण तू तिकडची, हे आम्ही विसरलेलो नाही. प्रभावतीने ही हाक स्वतःच्या तोंडाने मारून घेतली आणि तिचे शासन केले. गावातल्या बाकीच्या 'पवनीवाल्यां'चे पाळण्यातले नाव त्यांच्या नातवंडांनाही आठवत नाही. भवनागाच्या लेकीची गोष्ट याहून वेगळी नाही.